एक्सेलमधला कॉन्फिडन्स इंटरव्हल: 'नॉर्म' घ्यावं की 'टी'?

संख्याशास्त्र नव्याने शिकणाऱ्याच्या हाताशी एक्सेल बहुधा असतंच. नमुन्यावरून समष्टीच्या, म्हणजे ज्या मोठ्या गटातून नमुना घेतला त्या अख्ख्या गटाच्या, सरासरीचा अंदाज बांधायला ते पुरतं का? पुरतं. कॉन्फिडन्स इंटरव्हल (नमुन्यावरून या सरासरीसाठी काढलेला 'इथून इथपर्यंत' असा पट्टा) म्हणजे काय हे डोळ्यांना दाखवण्यात तर ते फारच उपयोगी आहे. पण चुकीचं काही भरलं तरी ते ब्र काढत नाही, आकडा देऊन मोकळं होतं.

२०१० च्या आवृत्तीपासून यासाठी दोन फंक्शन आहेत: 'कॉन्फिडन्स.नॉर्म' आणि 'कॉन्फिडन्स.टी'. समजा, निरीक्षणं १०, सरासरी ५० आणि नमुन्याचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत त्याचं माप) ८ आहे. ९५ टक्क्यांसाठी नॉर्म ४.९६ देतं, टी ५.७२. नॉर्म असं धरून चालतं की समष्टीचं प्रमाण विचलन आधीच ठाऊक आहे. प्रत्यक्षात ते जवळपास कधीच ठाऊक नसतं. ते त्याच १० आकड्यांवरून काढलेलं असतं, म्हणजे तोही अंदाजच. नॉर्म वापरलं की नावाला ९५ टक्के असलेला इंटरव्हल खरं तर सुमारे ९२ टक्के वेळाच बरोबर ठरतो. निरीक्षणं ५ असतील तर ८८ टक्के. १०० निरीक्षणांना हा फरक १.५७ आणि १.५९ इतकाच उरतो, त्यामुळे डोळे झाकून टी वापरावं. नुसतं 'कॉन्फिडन्स' हे जुनं फंक्शन म्हणजे नॉर्मच, त्याच्या वाटेला जाऊ नये.

दोन्ही फंक्शन इंटरव्हलची निम्मी रुंदी देतात. ती सरासरीतून वजा करणं आणि सरासरीत मिळवणं आपलं काम. फंक्शनमध्ये पहिल्या जागी ०.०५, म्हणजे १०० टक्क्यांतून ९५ गेल्यावर उरणारे ५ टक्के, लिहायचं असतं. सवयीने ०.९५ लिहिलं तर वरच्या उदाहरणात उत्तर येतं ०.१६, आणि अंदाज फार अचूक आल्याचा भास होतो. प्रमाण विचलनासाठी 'एस' शेपटीचं, म्हणजे नमुन्यासाठीचं, फंक्शन घ्यावं. 'पी'चं, म्हणजे समष्टीसाठीचं, घेतलं तर ८ च्या जागी ७.५९ येतं.

आता एक्सेलची खरी ताकद. 'नॉर्म.इन्व्ह'च्या आत 'रँड' (० ते १ मधला कुठलाही आकडा देणारं फंक्शन) घालून, सरासरी ५० आणि विचलन ८ ठेवून, १० स्तंभ आणि १०० ओळी भरा. प्रत्येक ओळीचा इंटरव्हल काढा आणि त्यात ५० सापडतो का ते मोजा. एफ९ दाबत राहा, दर वेळी नवे आकडे येतात आणि १०० पैकी मोजणी अशी काहीशी निघते: ९४, ९७, ९२, ९६. ५० जागचा हलत नाही, इंटरव्हल हलतात. 'खरी सरासरी या इंटरव्हलमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के' हा सर्रास होणारा गैरसमज इथे गळून पडतो, कारण ९५ टक्के हा पद्धतीचा गुण आहे, हातातल्या एका इंटरव्हलचा नव्हे. मग टीच्या जागी नॉर्म ठेवा. मोजणी ९२ च्या आसपास घसरताना दिसेल. हे एवढं केलं तरी विषय निम्मा सुटतो.

नमुना निवडण्याचं साधन मात्र निराश करतं. 'डेटा अ‍ॅनालिसिस' मधलं 'सॅम्पलिंग' एकच आकडा पुन्हा उचलू शकतं, त्यामुळे ४० जणांच्या नमुन्यात एकच माणूस दोनदा येऊ शकतो. त्यापेक्षा यादीशेजारी 'रँड'चा स्तंभ भरावा, पेस्ट स्पेशलने त्याची मूल्यं गोठवावीत, त्या स्तंभानुसार यादी चढत्या क्रमाने लावून पहिल्या ४० ओळी घ्याव्यात. मूल्यं गोठवली नाहीत तर प्रत्येक बदलागणिक आकडे बदलतात आणि कोणाची निवड कशी झाली याचा पुरावाच राहत नाही. अर्थात यादीच अपुरी असेल तर यातलं काहीच कामाला येत नाही. इंटरव्हल फक्त योगायोगाने पडणारा फरक मोजतो.

प्रमाणासाठी, म्हणजे किती टक्के लोक 'हो' म्हणतात यासाठी, तयार फंक्शनच नाही. पुस्तकी सूत्र हाताने घातलं आणि २० पैकी शून्य 'हो' आले, तर इंटरव्हल शून्य ते शून्य येतो, जणू काही शंकाच उरली नाही. तिथे विल्सनचं १९२७ चं सूत्र टाइप करावं. तेच आकडे घेऊन ते शून्य ते १६ टक्के सांगतं.