टॉन्सिलचं ऑपरेशन: डॉक्टर पाच स्टार, डिस्चार्जनंतर दोन

कोथरूडमधलं एक छोटं ईएनटी हॉस्पिटल, नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण डॉक्टरांच्या हाताबद्दल माझी काहीच तक्रार नाही. वर्षात सात-आठ वेळा घसा सुजून ताप यायचा, अँटिबायोटिक खाऊन खाऊन वैताग आला होता म्हणून एकदाचं काढूनच टाकायचं ठरवलं. पॉलिसीत टॉन्सिलला दोन वर्षांचं वेटिंग होतं ते संपलं आणि कॅशलेसही झालं, तिथे डेस्कवरच्या मुलाने मस्त मदत केली.

ऑपरेशन म्हणाल तर काहीच कळलं नाही, भूल उतरली तेव्हा घशात जरा जड वाटत होतं इतकंच. सिस्टर प्रेमळ, दर थोड्या वेळाने येऊन "ताई, थुंकीत रक्त नाही ना?" विचारायच्या. रूम साफ, बाथरूम पण.

आता खरी गोष्ट. ऑपरेशनच्या आधी काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या होत्या, कोब्लेशनने करताय ना, मग दुखत नाही. अहो दुखतं! कोब्लेशनमध्ये मिठाचं पाणी आणि रेडिओ लहरी वापरून कमी उष्णतेत काढतात, त्यामुळे सुरुवातीला थोडं कमी दुखत असेलही, पण मोठ्या माणसांना हे लहान मुलांपेक्षा जास्तच जड जातं आणि ते कोणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं. डिस्चार्ज कार्डावर काय, तर 'सॉफ्ट डाएट, भरपूर पाणी, आठवड्याने फॉलोअप'. झालं.

पहिले दोन दिवस बरे गेले म्हणून मी खुश, आणि मग दुखणं उतरायच्या ऐवजी चढायला लागलं. थुंकी गिळताना डोळ्यात पाणी, जांभई आली की जीव जायचा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कान. वाटलं कानात इन्फेक्शन झालं. मोबाईलचा टॉर्च मारून घशात बघितलं तर दोन्ही बाजूंना पांढरट थर, तोंडाला वास, मी तर पू झाला समजून रात्री फोन केला तर रिसेप्शनवरून "उद्या ओपीडीत या" आणि फोन कट!

ओपीडीतल्या ज्युनिअर डॉक्टरांनी जे पाच मिनिटांत सांगितलं ते आधीच सांगितलं असतं तर रात्रभर कशाला जागले असते. पांढरं म्हणजे पू नाही, ती जखमेची खपली. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात ती सुटते तेव्हा दुखणं पुन्हा उसळतं. घशाची आणि कानाची नस एकच म्हणून कान ठणकतो, कानाला काही झालेलं नसतं. पेनकिलर दुखेल तेव्हा नाही, घड्याळ लावून घ्यायची, रात्रीचीसुद्धा, आणि जेवायच्या अर्धा तास आधी. ॲस्पिरिन मनाने अजिबात नको. आणि याच दिवसांत ताजं लाल रक्त आलं तर ओपीडीची वाट बघायची नाही, थेट कॅज्युअल्टी गाठायची.

खाण्याचं म्हणजे आमच्या सासूबाईंना मी आईस्क्रीम खाताना बघून घामच फुटला, "घसा धरेल गं". त्यांना समजावता समजावता नाकी नऊ आले. शेवटी त्यांनीच गार केलेली साबुदाण्याची खीर आणि तूप घातलेला गुरगुट्या भात द्यायला सुरुवात केली, तेच सगळ्यात छान गेलं. ताक, लिंबू सरबत, टोमॅटोचं सार यांच्या वाटेला जाऊ नका, मी ताकाचा एक घोट घेतला आणि हात आपटत बसले. दुखतंय म्हणून पाणी कमी केलं की घसा कोरडा पडून आणखी दुखतं, त्यामुळे घोट घोट चालूच ठेवायचं.

ऑफिसला दोन आठवड्यांची सुट्टी टाका, एका आठवड्यात जाईन असं बॉसला सांगू नका.

तर ऑपरेशनला पूर्ण मार्क, रात्रीच्या फोनला शून्य. ॲडमिट व्हायच्या आधी रात्री फोन कोण उचलणार ते नावानिशी विचारून घ्या. आणि पार्किंग नाहीये, रिक्षानेच जा.