गिंझातलं ‘फक्त कॉफी’चं दुकान

लेकीकडे योकोहामाला तीन आठवडे होतो. त्यातली एक दुपार मी पुण्याहून निघतानाच राखून ठेवली होती, काफे द लाम्ब्रसाठी. तोक्योच्या गिंझा भागात, आठव्या चोमेत (चोमे म्हणजे भागाचा क्रमांकाने ओळखला जाणारा तुकडा), शिंबाशी स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर हे दुकान आहे. १९४८ सालचं. युद्धानंतर जपानमध्ये कॉफीची आयात पुन्हा सुरू झाली ती १९५० मध्ये, म्हणजे दुकान त्याच्याही आधीचं.

दारावरची जपानी पाटी लेकीने वाचून दाखवली : ‘फक्त कॉफीचं दुकान’. आमचे हे चहावाले. आत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, “खायला काय मिळतं?”

“बाबा, इथे काही नाही मिळत. कॉफीच.”

म्हणून सांगते, पोटात काहीतरी टाकून जा. आम्ही जेवून गेलो होतो, ते बरं झालं.

आत शिरताना दाराशीच कॉफी भाजायचं यंत्र आहे. दुकानाचे संस्थापक इचिरो सेकिगुची शंभरी ओलांडल्यावरही दुकानात येऊन बसायचे. २०१८ मध्ये, १०३ व्या वर्षी ते गेले. जागा लहान, उजेड मंद, लाकूड वापरून वापरून काळंभोर झालेलं. टेबलं आहेत, पण बसायचं ते काउंटरवरच.

मेन्यूत काही नावांपुढे साल छापलेलं होतं. हे साल पिकाचं. कच्ची बी वर्षानुवर्षं, काही तर दहा वर्षांहून जास्त, जपून ठेवायची आणि मग भाजायची, ही सेकिगुचींची खासियत. भाजलेली बी मात्र ताजीच. हे वाचून माहीत होतं तरी मनाला पटत नव्हतं. पण आपल्याकडे भातासाठी जुना तांदूळ मुद्दाम मागून घेतात, नव्याचा गिचका होतो म्हणून. लोणचं मुरू देतात. आपल्याच किनाऱ्यावर मलबारची कॉफी पावसाळाभर दमट वाऱ्यात पसरून ठेवतात, बी फुगून फिकट पिवळी होते आणि आंबटपणा उतरतो. मुरणं आपल्याला परकं नाही, फक्त कॉफीच्या बाबतीत मी तसा विचार केला नव्हता.

मी जुनी कोलंबिया सांगितली. काउंटरपलीकडच्या गृहस्थांनी बी मोजली, जाडसर दळली आणि पाण्यात ठेवलेली फ्लॅनेलची पिशवी काढून घट्ट पिळली. ही पिशवी कधी वाळू देत नाहीत. वाळली की कापडात राहिलेल्या कॉफीच्या तेलाला खवट वास येतो. मग सोंडेसारख्या बारीक तोटीची केटली. सुरुवातीला धार नव्हतीच, थेंब. डाव्या हातात पिशवीचा दांडा, उजव्या हातात केटली, आणि केटली जागची हलत नव्हती. हलत होती ती पिशवी, हळूहळू गोल, जात्यासारखी. मधोमध कॉफी फुगून वर आली, तशी धार सुताएवढी झाली. ते गृहस्थ त्या वेळात कोणाशी एक शब्द बोलले नाहीत, वर बघितलंसुद्धा नाही. खाली तांब्याच्या लहान भांड्यात उतरलेली कॉफी त्यांनी क्षणभर आचेवर धरली, कपात ओतली आणि कप माझ्यासमोर ठेवून किंचित वाकले.

कप हातात लपेल एवढाच. कॉफी काळी, पण कडू म्हणावी तशी नाही. आंबटपणाचा मागमूस नाही. पहिल्या घोटाला जुन्या लाकडी कपाटाचा वास, मागून काकवी. सगळ्यात लक्षात राहिला तो तिचा गुळगुळीतपणा. कागदाच्या गाळणीत तेल अडकतं, कापडातून ते येतं, म्हणून जिभेवर अशी साय असल्यासारखी वाटते. निवत गेली तशी गोड होत गेली. मी साखरेला हात लावला नाही.

लेकीने ‘ब्लां ए न्वार’ मागवली. गोड गार कॉफी, वर दुधाचा पांढरा थर, शॅम्पेनच्या पसरट ग्लासात. ती गार करतात कशी, तर धातूचं भांडं बर्फाच्या लादीवर धरून गरागरा फिरवतात. न ढवळता प्यायची. ह्यांना तीच आवडली. दोन घोट मागून घेतले, मग लेकीने ग्लासच सरकवला.

गेल्या वर्षी पुण्यात एका नव्या कॅफेत पोअर-ओव्हरचे, म्हणजे वरून हाताने पाणी ओतून गाळलेल्या कॉफीचे, २८० रुपये दिले होते. बी कुठली विचारलं तर मुलगा पाकीट शोधायला आत गेला तो आलाच नाही, आणि कॉफी आली ती कोमट. तेव्हापासून मला वाटायचं की हे सगळं नुसतं नावाचं. इथे माझ्या कपाचे हजार येनच्या आसपास झाले, आपले साडेपाचशे-सहाशे. स्वस्त नाही, प्रमाणही कमी. पण त्या माणसाची दहा मिनिटं पूर्ण माझ्या कपाला मिळाली होती. मला एकही येन जड वाटला नाही.

ज्यांना फळांच्या चवीची, हलकी भाजलेली कॉफी आवडते त्यांनी इथे ती शोधू नये. चौघांपेक्षा जास्त जणांनी मिळून जाऊ नये, जागा नाही आणि मोठ्याने बोलावंसं वाटतही नाही. लॅपटॉप उघडून बसायचं हे ठिकाण नव्हे.

आमच्या घरी कॉफी म्हणजे आईची : दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेलं. ती मी अजूनही करते. पण परत आल्यावर लक्ष्मी रोडवरून पाव मीटर पांढरं फ्लॅनेल आणलं, कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून तारेच्या कडीवर पिशवी शिवून घेतली आणि कॉफीचा चोथा घालून उकळली, कापडाचा वास जावा म्हणून. चिकमगळूरची बी, जाड दळलेली. पहिल्या दोन खेपा भसकन खाली उतरल्या, पांचट. तिसऱ्या खेपेला केटली एका जागी स्थिर धरली आणि फक्त पिशवी फिरवली. मधोमध फुगा आला. पिशवी आता फ्रिजमध्ये, पाण्याच्या डब्यात असते, आणि दुपारी चारला हे चहाचं आधण ठेवायच्या आधी विचारतात, “आज तुझी ती कापडातली आहे का?”