हृदयाचे ठोके की दारावरची थाप?

एडगर ॲलन पोच्या ‘द टेल-टेल हार्ट’ (१८४३) या कथेत खुनी स्वतःच बोलतो आणि म्हाताऱ्याला मारायचं ठरवल्याचं सुरुवातीलाच सांगून टाकतो. मग उरतं काय? वेळ. सात रात्री तो दार किलकिलं करून डोकावतो. आठव्या रात्री म्हातारा दचकून उठतो, तर हा तासभर अंधारात जागचा हलत नाही. वाचकाचाही श्वास तिथेच अडकतो. पुढे प्रेत दडवलेल्या जमिनीच्या फळ्यांखालून हृदयाचे ठोके येऊ लागतात, आणि पोलीस मात्र समोर निवांत गप्पा मारत बसलेले!

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची ‘द मंकीज पॉ’ (१९०२) उलट्या वाटेने जाते. माणसं शहाणी, घर साधं. त्यांच्या हाती येतो तीन इच्छा पुरवणारा माकडाचा पंजा. दोनशे पौंडांची इच्छा मुलाच्या मरणातून पुरी होते. मग आई त्याला परत मागते आणि रात्री दारावर थाप पडते. ती कडी काढायला धडपडते, बाप पंजा शोधून शेवटची इच्छा मागतो. दार उघडतं तेव्हा रस्ता रिकामा. बाहेर कोण होतं, ते जेकब्स दाखवतच नाही.

पोचा निवेदक मला जरा जास्तच आरडाओरडा करणारा वाटतो. पण दुसऱ्यांदा वाचताना पारडं फिरतं: शेवट माहीत असूनही पो पकडून ठेवतो, जेकब्सची थाप थोडी बोथट होते.