लग्नाच्या कॅसेटी डीव्हीडीवर उतरवताना: वर्षभराच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. व्हीएचएस कॅसेटचं चित्र सुधारायचं असेल तर ते व्हीसीआरपासून कॅप्चर कार्डापर्यंतच्या (चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या उपकरणापर्यंतच्या) वाटेतच सुधारतं. कॉम्प्युटरवर आल्यावर आपण करतो ती बहुतेक रंगरंगोटी. गेलं जवळपास वर्षभर घरच्या आणि नातेवाइकांच्या लग्न-मुंजी-बारशाच्या कॅसेटी उतरवतोय, त्यावरून हे मत झालंय.

माझ्याकडची जोडणी अशी: जुना एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) व्हीसीआर, त्याच्यापुढे एक डीव्हीडी रेकॉर्डर, मग एस-व्हिडिओ (उजेड आणि रंग वेगवेगळे नेणारी जोडणी) इनपुट असलेलं यूएसबी कॅप्चर आणि शेवटी लॅपटॉप. व्हीसीआर नवा मिळणार नाही, शोधूही नका. फुनाई ही शेवटची उत्पादक कंपनी, तिनेही २०१६ मध्ये हात वर केले. त्यामुळे जुन्या बाजारातला किंवा ओळखीतला घ्यायचा आणि घेताना पिंच रोलरवर (टेप ओढणाऱ्या रबरी चाकावर) नखाने दाबून बघायचं. रबर कडक, चकचकीत झालं असेल तर तो टेप सरळ ओढणार नाही. उत्साहाच्या भरात सरळ प्ले दाबू नका. आपल्याकडच्या दमट हवेत, खास करून कोकणात आणि मुंबईत, माळ्यावरच्या कॅसेटच्या रिळावर पांढरी बुरशी असतेच. झाकण उचलून उजेडात बघा. बुरशीची कॅसेट चांगल्या मशीनमध्ये घातली की टेप वाचणारे हेड बरबटतात, आणि पुढच्या स्वच्छ कॅसेटलाही प्रसाद मिळतो.

हेड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामड्याची पट्टी. पट्टी ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला) टेकवून स्थिर धरायची आणि ड्रम हाताने हळू फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेडचा टवका उडतो. कापसाचे बोळे नकोत, धागे अडकतात.

आता रेकॉर्डरबद्दल, कारण सगळ्यात मोठा फरक त्याने पडला. पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीत चित्राची प्रत्येक ओळ बरोबर ६४ मायक्रोसेकंदांची असायला हवी. टेप ताणलेली असते, मोटर किंचित डुलते, म्हणून काही ओळी लवकर येतात, काही उशिरा. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही हे सांभाळून घ्यायचा. डिजिटल कॅप्चर घेत नाही. माझ्याकडच्या एका लग्नात मांडवाचा खांब वरच्या टोकाला उजवीकडे झुकायचा आणि आंतरपाटाची कड पाण्यातल्यासारखी हलायची. त्यावर उपाय टाइम बेस करेक्टर: ओळी क्षणभर मेमरीत धरून ठरल्या वेळी सोडणारं उपकरण. व्यावसायिक करेक्टर महाग असतो. पण काही डीव्हीडी रेकॉर्डरच्या इनपुटमध्ये हेच काम करणारं सर्किट असतं. पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० त्यासाठी हौशी मंडळींत नावाजलेला आहे. गंमत म्हणजे रेकॉर्डरने रेकॉर्ड करायचंच नाही, सिग्नल नुसता त्याच्या पोटातून जाऊ द्यायचा. खांब सरळ झाला, आंतरपाट थांबला. एवढा फरक नंतर कुठल्याही फिल्टरने पडला नाही.

वायर पिवळ्या पिनची नको, एस-व्हिडिओची घ्या. व्हीएचएसवर उजेड आणि रंग मुळातच वेगवेगळे नोंदलेले असतात. पिवळ्या वायरीत ते एकत्र होतात, मग कॅप्चरला पुन्हा वेगळे करावे लागतात आणि त्या झटापटीत कडांवर ठिपके सरकायला लागतात.

रंगाचं दुखणं मात्र वेगळं. व्हीएचएसवर रंगाचा तपशील फारच थोडा असतो, त्यात लग्नाची कॅसेट म्हणजे मूळ शूटिंग नव्हेच. शूटिंगवरून मिक्सिंग, मिक्सिंगवरून मुलीकडची प्रत, तिच्यावरून मुलाकडची. प्रत्येक प्रतीत रंग थोडा खाली आणि बाजूला घसरतो. आमच्या एका मावशीचं कुंकू कपाळावरून निघून भुवईत उतरलं होतं. अविसिंथ या व्हिडिओ सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त रंगाचा थर डावीकडे-वर सरकवता येतो. किती, ते लाल शालूच्या काठावर नजर ठेवून ठरवायचं. पण त्याआधी दोन्ही घरी फोन करा. मास्टर कॅसेट कुणाच्या तरी कपाटात असते आणि ती मिळाली तर निम्मं काम तिथेच होतं.

डिस्कवर किती तास बसवायचे हा मोहाचा विषय. ई-१८० कॅसेट तीन तासांची, डीव्हीडी ४.७ जीबीची. कॅसेटच्या चित्रातली चरचर (थरथरणारे दाणे) प्रत्येक फ्रेममध्ये नवी असते, डीव्हीडीसाठी व्हिडिओ दाबून लहान करणारं एमपीईजी-२ तिलाच तपशील समजून बिट खर्च करतं आणि चेहऱ्यांवर चौकोन उमटतात. म्हणून एका डिस्कवर तास-दीड तास. विधी एका डिस्कवर, स्वागत समारंभ दुसरीवर. तीन तास बसवायचेच असतील तर ७२० × ५७६ पिक्सेलऐवजी ३५२ × ५७६ घ्या. डीव्हीडीला हा आकार चालतो, आणि व्हीएचएसच्या साधारण २४० ओळींच्या तपशिलाला तो पुरतो. मोठा आकडा म्हणजे चांगलं चित्र, हे दुकानदाराचं गणित.

दुकानदारावरून आठवलं. एका नातेवाइकाने बाहेरून करून आणलेल्या डिस्कमध्ये वरातीतली लेझीम धक्के खात होती. सेकंदाला ५० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) असतात, त्यांचे २५ फ्रेम करून निम्मी हालचाल फेकून दिलेली. डीव्हीडीसाठी ही फील्डची रचना, म्हणजे इंटरलेस, जसं आहे तसंच ठेवा. मोबाइलवर पाठवायचं असेल तर ५० फ्रेमचं वेगळं करा. आणि ४:३ चं चित्र ताणून १६:९ करू नका, नवरदेव उगीच जाडा दिसतो.

एआयने मोठं करणारी सॉफ्टवेअरंही वापरून पाहिली. चेहरे मेणाचे होतात, मुंडावळ्यांचे मोती वितळून प्लास्टिकची पट्टी बनते. मला नाही पटलं. चरचर कमी करणारा हलका फिल्टर पुरे, तोही मूळ फाइल वेगळी ठेवूनच.

मूळ फाइल मी हफवाययूव्ही या लॉसलेस, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या, प्रकारात घेतो. तासाला तीसेक जीबी लागतात, हार्ड डिस्क भराभर भरते. डीव्हीडी मंद गतीने जाळायची, मग पूर्ण वाचून तपासायची. हल्लीच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, म्हणून ज्यांना डिस्क देतो त्यांना पेनड्राइव्हही देतो. डिस्क बहुतेक जण नुसती शोकेसमध्ये ठेवतात. दोन-तीनच कॅसेटी असतील तर या सामानाच्या फंदात पडू नका. ज्याच्याकडे करेक्टर आणि एस-व्हिडिओ आहे, असा माणूस शोधून त्याला द्या आणि लॉसलेस फाइल मागून घ्या.