४के रिस्टोअर्ड म्हणून घेतलेली डिस्क बनावट निघाली, १४,४०० रुपये गेले

मंडळी, हे लिहायला मला दोन महिने लागले कारण राग शांत होत नव्हता. पण गेल्या आठवड्यात त्याच माणसाने आणखी एकाला गाठल्याचं कळलं, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितोय. कुणी फिजिकल डिस्क जमवत असेल तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

सिनेमा आहे 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', जॉर्ज रोमेरोचा, १९६८ चा. आमच्या घरात या सिनेमाला एक वेगळी जागा आहे. मी सातवीत असताना दादाने सदाशिव पेठेतल्या व्हिडिओ लायब्ररीतून त्याची कॅसेट आणली होती, आई-बाबा लग्नाला सांगलीला गेले होते आणि आम्ही दोघांनी रात्री लाइट बंद करून तो पाहिला, चित्र इतकं खराब होतं की अर्ध्या वेळेला माणूस कुठला आणि प्रेत कुठलं ते कळत नव्हतं, तरी त्या रात्री दोघांनाही झोप लागली नाही. पुढे दादा नोकरीला नागपूरला गेला, पण अजूनही फोनवर त्या रात्रीचा विषय निघतोच. यंदा त्याची पन्नाशी होती, म्हणून मी ठरवलं की याला या सिनेमाची चांगली, खरी प्रिंट द्यायची.

खरी प्रिंट का म्हणतो ते सांगतो, कारण फसवणुकीचं मूळ तिथेच आहे. रोमेरो आणि त्याच्या मित्रांनी पिट्सबर्गजवळ साधारण १ लाख १४ हजार डॉलरमध्ये हा सिनेमा बनवला, रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, सगळे मित्र-नातेवाईक कामाला. आधी त्याचं नाव 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स' होतं. डिस्ट्रिब्युटरने नाव बदललं आणि नवीन टायटल कार्ड टाकताना त्यावरची कॉपीराइटची ओळच राहून गेली. अमेरिकेत त्या काळी प्रिंटवर ती नोटीस नसेल तर हक्कच जायचा, त्यामुळे सिनेमा थेट पब्लिक डोमेनमध्ये गेला आणि ज्यांनी घाम गाळला त्यांच्या हातातून पुढची कमाई निसटली. मग पन्नास वर्षं ज्याला वाटेल त्याने, हाताला लागेल त्या घासलेल्या प्रिंटवरून कॅसेट काढल्या, डीव्हीडी काढल्या, रंगीत करून विकला. आम्ही लहानपणी पाहिलेली कॅसेट त्यातलीच कुठलीतरी असणार.

नंतर न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि जुने सिनेमे जपणारी फिल्म फाउंडेशन ही संस्था यांनी मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून ४के रिस्टोरेशन केलं, म्हणजे सिनेमा साफ-दुरुस्त करून साध्या एचडीपेक्षा कितीतरी बारकाव्याने डिजिटल केला, रोमेरो स्वतः त्यात होता, त्याचे जुने सहकारीही होते. २०१६ मध्ये ते म्युझियममध्ये दाखवलं आणि २०१७ च्या जुलैमध्ये रोमेरो गेला. म्हणजे आयुष्यभर आपल्या सिनेमाच्या फाटक्या कॉप्या बघितलेल्या माणसाला शेवटी एकदा तो नीट बघायला मिळाला. मला ही गोष्ट फार लागते. आपण पुण्याचे लोक, २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात राष्ट्रीय फिल्म आर्काइव्हच्या जुन्या, पटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म्स आगीत गेल्या, प्रभातच्या सुद्धा, त्यामुळे निगेटिव्ह शिल्लक असणं म्हणजे काय असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तर हे रिस्टोरेशन क्रायटेरियन या निवडक सिनेमांच्या डिस्क काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने २०१८ मध्ये ब्लू-रेवर काढलं आणि २०२२ मध्ये ४के डिस्कवर, त्या सेटमध्ये एक ४के आणि दोन ब्लू-रे. आपल्याकडच्या दुकानात हे मिळत नाही. एकतर बाहेरून मागवायचं, शिपिंग आणि ड्युटी भरायची, नाहीतर अमेरिकेतून कुणी येणार असेल तर बॅगेत आणायला सांगायचं. आणि तिसरा रस्ता म्हणजे इथलेच विक्रेते, जे म्हणतात आमच्याकडे स्टॉक आहे. मी तिसरा रस्ता धरला.

हा माणूस मला डिस्क जमवणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॅप ग्रुपवर भेटला. बोलायला अतिशय गोड, सिनेमाची माहिती चांगली, मराठीतच बोलायचा. म्हणाला चुलतभाऊ न्यू जर्सीत आहे, तिकडे पुस्तकांच्या मोठ्या दुकानात वर्षातून दोनदा क्रायटेरियनचा अर्ध्या किमतीचा सेल लागतो तेव्हा तो घेऊन ठेवतो. सेलची गोष्ट खरी आहे, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये लागतो, मला माहीत होतं, म्हणून किंमत कमी का याचं उत्तर मला आधीच मिळालं होतं. आधी मी त्याच्याकडून एक जुनी वापरलेली ब्लू-रे घेतली होती ९०० रुपयांना, ती शंभर टक्के ओरिजिनल होती. आता वाटतं ती मुद्दाम दिलेली, विश्वास बसावा म्हणून.

'लिव्हिंग डेड'च्या सेटचे त्याने ५,४०० सांगितले. फोटो पाठवले, पुढून मागून, सगळं बरोबर. त्याच बोलण्यात म्हणाला अजून दोन हॉरर सेट येतायत, ॲडव्हान्स दिलात तर तुमच्या नावावर ठेवतो, नाहीतर उद्या जातील. मी त्याचे ९,००० दिले. एकूण १४,४००, सगळे यूपीआयने, आणि दुकानाच्या नावावर नाही तर कुणातरी बाईच्या नावावरच्या खात्यात. नाव वेगळं दिसलं तेव्हा विचारलं, तर म्हणाला मिसेसचं खातं आहे. तिथेच थांबायला हवं होतं.

आठ दिवसांत पार्सल आलं. कव्हर छान, वरून प्लास्टिक. मी आमच्या प्लेअरवर तिन्ही डिस्क टाकून बघितल्या, चालतात का एवढंच, पाच पाच मिनिटं. चालल्या. मी खूश, परत पॅक करून नागपूरला घेऊन गेलो. वाढदिवसाच्या रात्री वहिनीने मुलांना लवकर झोपवलं, आम्ही दोघांनी पुन्हा लाइट बंद केले आणि सिनेमा लावला. दहा मिनिटांत दादा गप्प झाला. त्याने मला काही बोलून दाखवलं नाही, तो तसा नाहीच, पण मलाही दिसत होतं. स्मशानातल्या त्या पहिल्या सीनमध्ये माणसांची डोकी वरून कापलेली, चेहरे मेण लावल्यासारखे गुळगुळीत, कुणी हललं की मागे सावली ओढली जायची आणि आवाज विहिरीत बोलल्यासारखा चारी बाजूंनी. दादा शेवटी म्हणाला, "अरे असू दे, जुना सिनेमा आहे, एवढंच निघत असेल." त्याचं ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही, कारण एवढंच निघत नाही, त्या निगेटिव्हमधून खूप काही निघालेलं आहे आणि ते त्याला मिळावं म्हणूनच तर मी हा सगळा खटाटोप केला होता.

परत आल्यावर कॉलेजच्या मित्राला फोन केला, तो मुंबईत पोस्ट प्रॉडक्शनमध्ये कलर ग्रेडिंग करतो. त्याने पहिला प्रश्न विचारला, तुझ्या प्लेअरवर ब्लू-रे चाललीच कशी? मला कळेना. तर गोष्ट अशी आहे की ब्लू-रेला रिजन असतात, म्हणजे एका भागातली लॉक केलेली डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर चालत नाही, अमेरिका रिजन ए आणि भारत रिजन सी. क्रायटेरियनच्या अमेरिकन ब्लू-रे रिजन ए ला लॉक असतात, ४के डिस्कला मात्र रिजन नसतो. माझा प्लेअर इथे घेतलेला, रिजन सी चा, काही उघडून बदल केलेला नाही. म्हणजे त्या सेटमधल्या दोन ब्लू-रे माझ्याकडे चालायलाच नको होत्या! ज्या गोष्टीमुळे मी खूश झालो तोच पुरावा होता.

मग दादाला डिस्कचे फोटो पाठवायला सांगितले. ओरिजिनल छापील डिस्कची खालची बाजू स्वच्छ चंदेरी असते, हिला तपकिरी-करडी झाक होती, म्हणजे बीडी-आर, कोरी घेऊन कॉम्प्युटरवर बर्न केलेली डिस्क. मधल्या भोकाभोवतीच्या रिंगमध्ये कारखान्यात उमटवलेला नंबर असतो आणि बहुतेक वेळा आयएफपीआयचा, म्हणजे डिस्क कुठल्या कारखान्यात बनली ते सांगणारा बारीक कोड, इथे कोऱ्या डिस्कच्या कंपनीचा नंबर फक्त. नंतर डिस्क मागवून घेतल्या आणि ड्राइव्हमध्ये टाकल्या. ४के सिनेमाची डिस्क साधारण ६६ किंवा १०० जीबीची असते, ही २५ जीबीची. प्लेअरवर इन्फोचं बटण दाबलं तर १०८०पी, म्हणजे साधं एचडी, ४के नाहीच. हे बटण मी पहिल्याच दिवशी दाबलं असतं तर नागपूरचा तो प्रकार झालाच नसता.

चित्राचं म्हणाल तर हा सिनेमा १.३७ चा, म्हणजे रुंदी उंचीच्या १.३७ पट, आजच्या टीव्हीपेक्षा बराच कमी रुंद, मोठ्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसलेच पाहिजेत. याने पट्टे नकोत म्हणून वरखाली कापून स्क्रीन भरली होती. मूळ आवाज मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकचा आहे, रिस्टोरेशनही मोनोच आहे, याने कुठलातरी नकली ५.१, म्हणजे चारी बाजूंच्या स्पीकरचा आवाज घातलेला. मित्राच्या मते कुठल्यातरी जुन्या फुकट कॉपीला सॉफ्टवेअरमधून मोठं केलं, ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे मूळचे बारीक दाणे, पुसलं आणि वर म्युझियमचं नाव छापलं.

त्याला मेसेज केला तर तो घाबरलासुद्धा नाही. म्हणाला सिनेमा पब्लिक डोमेन आहे, कुणीही विकू शकतो, मी काही पायरसी केली नाही. इथे लोक गोंधळतात, मीही दोन मिनिटं गोंधळलो होतो. जुनी कॉपी तू जुनी कॉपी म्हणून दोनशे रुपयांना विक, माझं काही म्हणणं नाही. पण दुसऱ्याचं कव्हर छापून, निगेटिव्हवरून केलेलं ४के रिस्टोरेशन आहे असं सांगून ५,४०० घेणं ही सरळ फसवणूक आहे, त्याला सिनेमाचा हक्क कुणाकडे आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. हे लिहून पाठवलं, त्याने ब्लॉक केलं. ॲडव्हान्सचे ९,००० पण गेले, ते सेट कधी येणारच नव्हते.

मी १९३० वर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेतही गेलो. तिथल्या मॅडमनी नीट ऐकून घेतलं, पण पैसे जाऊन पाच आठवडे झाले होते आणि खात्यात काही उरलं नव्हतं. लगेच कळवलं तर समोरच्या खात्यात पैसे अडवता येतात, त्यामुळे कुणी यात अडकलं असेल तर माझ्यासारखं "बघू, कदाचित पाठवेल" करत बसू नका, त्याच दिवशी १९३० लावा. वस्तू दुकानातून किंवा साइटवरून घेतली असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, माझ्याकडे तो नव्हता म्हणून मला प्रत्येक ठिकाणी हीच डिस्क आली हे सांगत बसावं लागलं. आणि घेण्याआधी डिस्कच्या खालच्या बाजूचा आणि रिंगचा फोटो मागा, त्याच फोटोत आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवायला सांगा. खरा विक्रेता असेल तर दोन मिनिटांत पाठवतो.

दादाला मी सगळं सांगितलं. दिवाळीत आमची मामेबहीण न्यू जर्सीहून येतेय, खरी, आमची स्वतःची, तिला सेट आणायला सांगितलाय.

तो माणूस आता दुसऱ्या नंबरने, दुसऱ्या नावाने दोन ग्रुपमध्ये आलाय. फोटो मात्र तेच आहेत: हिरवा टेबलक्लॉथ, त्यावर तिरका ठेवलेला सेट आणि उजव्या कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. हा फोटो कुणाला आला तर पैसे पाठवू नका आणि स्क्रीनशॉट मला द्या, मी तक्रारीला जोडतोय.