ॲडमिन पासवर्डसाठी कीपासएक्ससी: काही महिन्यांच्या वापरानंतर

कीपासएक्ससी हा सगळे पासवर्ड एकाच कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) फाइलमध्ये ठेवणारा प्रोग्राम; ती फाइल एका मास्टर पासवर्डने उघडते. पक्का पासवर्ड बनवण्याचं काम तो इतक्या सहज करतो की त्यावर फार लिहायला नको. जनरेटर उघडा, लांबी २० करा, लहान-मोठी अक्षरं, आकडे, चिन्हं सगळी चालू ठेवा. साधारण १३० बिटांचा पासवर्ड तयार (बिट म्हणजे अंदाज लावणं किती कठीण याचं माप; एक बिट वाढला की मेहनत दुप्पट). सर्व्हर, फायरवॉल, राउटर, डेटाबेस यांचे ॲडमिन पासवर्ड काही महिने यातच ठेवल्यावर माझं मत असं झालंय की खरी डोकेफोड दोनच ठिकाणी आहे: तो पासवर्ड टाइप कुठे करायचा आणि ही फाइल ठेवायची कुठे.

ब्राउझरमधल्या लॉगिनला अडचण नाही. ब्राउझरला जोडायचं त्याचं एक्स्टेन्शन साइटचा पत्ता जुळला तरच पासवर्ड सुचवतं, नकली पानावर गप्प बसतं. हे मला सर्वांत आवडलं. पण ॲडमिनला बऱ्याचदा अशा स्क्रीनसमोर बसावं लागतं जिथे पेस्ट चालतच नाही: सर्व्हरचा रिमोट कन्सोल, व्हर्च्युअल मशीनची विंडो, रिकव्हरी मोड. ऑटो-टाइप, म्हणजे प्रोग्रामनेच कळा दाबल्यासारखा पासवर्ड लिहिणं, तिथे कधी चालतं, कधी नाही. त्यात कीबोर्डचा लेआउट वेगळा निघाला की संपलंच. अमेरिकन आणि ब्रिटिश लेआउटमध्ये ‘ॲट’चं चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा उलट्या असतात, आणि टाइप केलेलं दिसत नसल्याने चूक कुठे होतेय तेही कळत नाही. खातं लॉक होईपर्यंत माणूस स्वतःच्या बोटांनाच दोष देत बसतो.

लांबीचंही तसंच. आयपीएमआय (सर्व्हर दुरून हाताळायची सोय) २.० मध्ये पासवर्ड जास्तीत जास्त २० बाइटचा, जुन्या १.५ मध्ये १६ चा. जुन्या पद्धतीच्या व्हीएनसी (दुसऱ्या संगणकाची स्क्रीन दुरून चालवायची सोय) लॉगिनमध्ये तर पहिली ८ अक्षरंच धरली जातात, पुढे कितीही लिहा. म्हणून मी दोन प्रकार ठेवलेत. पेस्ट होतं तिथे सगळ्या चिन्हांचा. हाताने टाइप करावा लागतो तिथे फक्त लहान इंग्रजी अक्षरं आणि आकडे, लांबी २०. तरी १०० बिटांच्या वर जातो. चिन्ह हवंच म्हणून अडून बसणाऱ्या उपकरणासाठी एका अक्षराच्या जागी हायफन घालतो.

मास्टर पासवर्ड मात्र शब्दांचाच हवा. आतला पासफ्रेज (शब्दांचा पासवर्ड) जनरेटर ईएफएफ या डिजिटल हक्कांच्या संस्थेच्या ७,७७६ शब्दांच्या यादीतून शब्द उचलतो, म्हणजे शब्दामागे जवळपास १३ बिट; सहा शब्दांत ७७. शब्द प्रोग्रामलाच निवडू द्या. आपण निवडायला बसलो की हमखास मुलांची नावं आणि आवडत्या ओळी सुचतात. डेटाबेस सेटिंग्जमध्ये डिक्रिप्शनला लागणारा वेळही वाढवता येतो. यामागे आर्गॉन२ आहे, प्रत्येक अंदाज मुद्दाम महाग करणारी पद्धत, २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेचा विजेता. आपल्याला फाइल उघडताना क्षणभर थांबावं लागतं; फाइल चोरणाऱ्याला ती मेहनत प्रत्येक अंदाजामागे पडते. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सेवेच्या ग्राहकांच्या व्हॉल्टचे (पासवर्डच्या साठ्यांचे) बॅकअप चोरीला गेले, तेव्हा मुद्दा हाच होता: फाइल परक्या हातात पडली की मध्ये फक्त मास्टर पासवर्ड आणि ही सेटिंग उरते.

आता फाइल कुठे ठेवायची ते. कीपासएक्ससी फाइल स्वतःहून क्लाउडवर सिंक करत नाही. मला हे पटतं, पण त्यामुळे सगळा विचार आपल्यालाच करावा लागतो. सर्व्हरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवली आणि तोच सर्व्हर बसला, तर किल्ली घरात राहून दार ओढलं गेल्यासारखी गत. बॅकअपच्या एन्क्रिप्शनचा पासवर्ड तर सर्वांत आधी बाहेर काढून ठेवावा, कारण तो लागतो तेव्हा बाकी काहीच चालू नसतं. सध्याची व्यवस्था अशी: आम्हा दोघांच्या लॅपटॉपवर प्रत, एक प्रत पेन ड्राइव्हवर तिजोरीत, आणि मास्टर पासवर्ड कागदावर, सही केलेल्या बंद पाकिटात, तिजोरीपासून वेगळ्या जागी. कागदाला नाक मुरडणारे भेटतात. इंटरनेटवरून पाकीट फोडता येत नाही, एवढंच त्यांना सांगतो. की-फाइल (मास्टर पासवर्डसोबत लागणारी वेगळी फाइल) वापरत असाल तर तीही डेटाबेसशेजारी ठेवू नका. यूबीकी (यूएसबीत लावायची सुरक्षा-किल्ली) जोडणार असाल तर त्याच सीक्रेटची दुसरी यूबीकी आधी तयार करा. एकुलती एक हरवली तर तुम्हीही बाहेर.

ओटीपी कोडही, म्हणजे पासवर्डनंतर मागितले जाणारे एकदाच चालणारे आकडे, यातून काढता येतात. ॲडमिन खात्यांसाठी मी ते करत नाही. पासवर्ड आणि दुसरा घटक एकाच फाइलमध्ये असतील तर दुसरा घटक नावापुरताच. ते वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या मास्टर पासवर्डखाली.

दर काही महिन्यांनी सगळे पासवर्ड बदलायची जुनी सक्ती मी सोडली. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शनात ठरावीक मुदतीने बदल लादू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदलायला लावा, असं म्हटलंय.

टीम मोठी असेल तर मात्र हे घेऊ नका. कोणी कुठली नोंद पाहिली याचा माग यात राहत नाही. फाइल उघडली की सगळं दिसतं. दोघा-तिघांत निभतं. त्यातलाही एखादा काम सोडून गेला तर मास्टर पासवर्ड बदलून भागत नाही, कारण त्याच्याकडची जुनी प्रत जुन्याच पासवर्डने उघडत राहते. आतला प्रत्येक पासवर्ड त्या त्या उपकरणावर जाऊन बदलावा लागतो. नोंदीच्या इतिहासात आधीचा पासवर्ड राहतो, त्यामुळे मध्येच एखादं उपकरण बदल न घेता जुन्यावरच अडकलं तर निदान लॉगिन करता येतं.