पीएसएममध्ये (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात) एमडी की एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ)?

एमबीबीएस झालं असेल तर दोन्ही दारं उघडी. बीडीएस, बीएएमएस, नर्सिंगवाल्यांना मात्र एमपीएचच.

एमडी म्हणजे नीट-पीजी, 3 वर्षं, प्रबंध आणि दरमहा विद्यावेतन. 'पीएसएमला काय काम असतं?' असं इतर रेसिडेंट चिडवतात. पण गोवराची साथ आली की आशाताईंसोबत घरोघरी फिरून, लसीकरण कार्डं तपासून कुणाचा डोस राहिलाय ते हुडकायचं काम यांचंच. पुढे मेडिकल कॉलेजात शिकवायलाही हीच पदवी कामी येते.

एमपीएच 2 वर्षांचं, फी खिशातून. 'टिस'सारख्या (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) ठिकाणी डॉक्टरशेजारी समाजशास्त्रवाला बसतो, त्यामुळे वर्गात वाद झकास रंगतात. नोकऱ्या मात्र बऱ्याचदा प्रकल्पावरच्या, कंत्राटी.

एमबीबीएसवाल्यांना मी तरी एमडीच सांगेन. एमपीएच काय, नंतरही करता येतं.